चिन्ह खरं म्हणून पत्र खरं?

ईमेलच्या इनबॉक्समध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी त्याच्या कंपनीचा लोगो दिसावा, लोगोसोबत निळी खूण दिसावी आणि ती बघून ग्राहकाने निर्धास्त मनाने मेल उघडावा, अशी एक योजना आहे. तिचं नाव बिमी. डिजिटल मार्केटिंगची पॅकेजं विकणारी मंडळी ती आता नेरळ-कर्जतच्या रिसॉर्टवाल्यांपासून खोपोली-खालापूरच्या पतसंस्थांपर्यंत सगळ्यांच्या गळी उतरवू पाहतात. त्यांचं म्हणणं असं : खरा कोण आणि तोतया कोण हे कळत नाही म्हणून लोक फसतात, लोगो पडताळलेला असला की ते कळेल, म्हणून लोगो लावा, फसवणूक थांबेल. वर मेल उघडणाऱ्यांची संख्या वाढेल ती वेगळीच.

मेल जास्त उघडले जातील हे खरं असेलही. जाहिरात म्हणून लोगो कुणी लावत असेल तर माझी तक्रार नाही. हौसेला मोल नसतं. पण हाच लोगो सुरक्षेच्या नावाखाली विकला जातो तेव्हा बोलणं भाग आहे. कारण फसवणूक लोगोने थांबत नाही, आणि थोडीफार जी थांबते तिचं श्रेय लोगोचं नसतं.

योजना समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागेल. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली ईमेल पोहोचवण्याचे नियम लिहिले तेव्हा हे जाळं मोजक्या विद्यापीठांचं आणि संशोधन संस्थांचं होतं. पाठवणाऱ्याच्या रकान्यात कुणीही कुणाचंही नाव लिहावं, विचारणारं कोणी नाही, असा कारभार. ते भोक बुजवायला पुढे तीन उपाय आले. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाचा मेल कोणकोणत्या सर्व्हरवरून निघू शकतो याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे मेलवरची गणिती सही. वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेलं डीमार्क म्हणजे या दोन्हींपैकी एकाचाही ‘फ्रॉम’मधल्या नावाशी मेळ बसला नाही तर काय करायचं, हे डोमेनच्या मालकाने जगभरच्या सर्व्हरना सांगून ठेवणं. पर्याय तीनच. नन : जाऊ द्या, फक्त कळवा. क्वारंटाइन : स्पॅममध्ये टाका. रिजेक्ट : दारातूनच परत पाठवा.

या तिन्हींना परवाना लागत नाही की वार्षिक फी. डोमेनच्या नोंदींत काही ओळी लिहायच्या, मेल सर्व्हरवर सहीची सोय करायची आणि आपल्या नावाने कुठून कुठून मेल निघतात याचा काही आठवडे पाठपुरावा करायचा. जाणता माणूस आणि चिकाटी, एवढाच खर्च. आपल्याच डोमेनचं नाव जसंच्या तसं लिहून कुणी मेल पाठवला तर तो अडवण्याचं काम हे तिघे मिळून करतात, आणि चोख करतात.

बिमी येते ती यानंतर. तिची अट अशी की डीमार्क क्वारंटाइन किंवा रिजेक्टवर असलं पाहिजे. लोगो एसव्हीजीच्या एका ठराविक, काटछाट केलेल्या प्रकारात हवा. जीमेलमध्ये निळी खूण हवी असेल तर व्हेरिफाइड मार्क सर्टिफिकेट घ्यावं लागतं. त्यासाठी लोगोची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी लागते आणि वर्षाला साधारण हजार ते दीड हजार डॉलर, म्हणजे लाखभर रुपये मोजावे लागतात. ज्यांच्याकडे ट्रेडमार्क नाही त्यांच्यासाठी जीमेलने सप्टेंबर २०२४मध्ये दुसऱ्या प्रकारचं प्रमाणपत्र मान्य केलं. तो लोगो वर्षभर वापरात असल्याचा पुरावा द्यायचा. लोगो दिसतो, निळी खूण मिळत नाही. म्हणजे पंगतीत बसवलं, पण वाढताना पुढे गेले. बरं, याहू, जीमेल आणि ॲपल यांनी ही योजना उचलली तरी मायक्रोसॉफ्टने बरीच वर्षं लांब राहणंच पसंत केलं. ज्या कारखान्याचं खरेदी खातं आउटलुकवर चालतं, तिथे तुमचा लाखाचा लोगो बघणार कोण?

आणि ज्या फार्महाऊसचं सगळं बुकिंग फुकटच्या जीमेल पत्त्यावर होतं, त्याला ही योजना लागूच नाही. ते डोमेन गूगलचं आहे, त्याचं नाही. हे मात्र पॅकेज विकताना सांगितलं जात नाही.

आता तो लोगो जिथे दिसतो ती जागा जरा जवळून बघू. जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी एक वर्तुळ असतं. त्यात पडताळलेला लोगो येऊ शकतो, पाठवणाऱ्याने आपल्या गूगल खात्यावर स्वतःच चढवलेला फोटो येऊ शकतो, आणि यातलं काहीच नसेल तर नावाचं पहिलं अक्षर येतं. गोम आहे ती मधल्या प्रकारात. एखाद्या भामट्याने नवं जीमेल खातं उघडलं, नाव ठेवलं ‘ग्राहक सेवा विभाग’ आणि फोटोच्या जागी बँकेचं बोधचिन्ह चढवलं, की समोरच्याच्या फोनवर तसंच वर्तुळ, तेवढंच मोठं, तेच चित्र. गूगलला सुगावा लागून खातं बंद होईपर्यंत दोन-चार जण गळाला लागलेले असतात. फरक काय, तर मेल उघडल्यावर नावापुढे निळी खूण नसते. कर्जत लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने मेल बघणाऱ्याला नसलेली खूण कशी दिसणार? दिसतं ते चित्र, आणि चित्र तर ओळखीचं आहे. खरा पत्ता बघायचा तर ‘टू मी’शेजारचा इवलासा बाण दाबावा लागतो. वर्षानुवर्षं या कंपन्यांनी पत्ता लपवायचा आणि चित्र मोठं करायचं धोरण चालवलं, आणि आता त्याच चित्रावर पडताळणीचा शिक्का विकायला काढलाय.

इथे एक प्रतिप्रश्न येतो आणि तो फालतू नाही. ज्याला रोमन लिपीतला पत्ता झरझर वाचता येत नाही, त्याने काय करायचं? कर्जतच्या आदिवासी वाड्यांवरचा बचतगट असो की मुलाने फोन घेऊन दिलेली आजी, त्यांना चित्रच आधार नाही का? १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीपासून आपण चिन्हं बघून मत देत आलो की.

देत आलो, कारण तिथे चिन्ह निवडणूक आयोग वाटतो आणि मतपत्रिकेवर परवानगीशिवाय कुणाला शिरता येत नाही. इनबॉक्समध्ये वाटेल तो शिरतो. आणि इतका बंदोबस्त असूनही काय होतं ते २०२४च्या लोकसभेला साताऱ्यात दिसलं. तुतारी वाजवणारा माणूस हे शरद पवार गटाचं चिन्ह. शेजारी एका अपक्षाला ट्रम्पेट मिळालं, आपल्याकडे लोक तिला पिपाणी म्हणाले. पक्षाचे उमेदवार शशिकांत शिंदे ३२ हजारांवर मतांनी हरले आणि पिपाणीने ३७ हजारांवर मतं खाल्ली. मतदार गोंधळले, अशी पक्षाची तक्रार होती. ती कितपत खरी यावर वाद घाला हवा तर. पण तुतारी आणि पिपाणी यांत घोळ होऊ शकतो हे कुणी नाकारलं नाही. तिथे निदान दोन्ही चिन्हं अधिकृत होती. इनबॉक्समधल्या भामट्याला मिळतंजुळतं चिन्ह शोधायचे कष्टसुद्धा नाहीत, तो मूळ चित्रच उचलून लावतो. म्हणजे ज्याला पत्ता वाचता येत नाही त्याला चित्रावर विसंबायला शिकवणं म्हणजे त्याचा आधार काढून घेणंच झालं.

निळ्या खुणेचंच बोलायचं तर कर्जतच्या शेतकऱ्याला ती नवी नाही. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेली वाणं, कर्जत-३ काय, कर्जत-७ काय, इथल्या खाचरांत रुजलेली आहेत. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग शिवलेला असतो. पायाभूत बियाण्याला पांढरा. त्या निळ्या टॅगमागे काय असतं? बीजोत्पादकाच्या शेतावर तपासणी झालेली असते, भेसळीची झाडं उपटलेली असतात, नमुना प्रयोगशाळेत उगवून बघितलेला असतो. भाताची उगवण निदान ८० टक्के नसेल तर टॅग मिळत नाही. त्यावर लॉट नंबर असतो, चाचणीची तारीख असते, मुदत असते. तो टॅग पिशवीतल्या दाण्याबद्दल बोलतो. जीमेलची निळी खूण फक्त पिशवी कुणी शिवली तेवढं सांगते. आत भात आहे की कोंडा, याच्याशी तिला देणंघेणं नाही. संगणकावर त्या खुणेवर माउस नेलात तर गूगल स्वतःच सांगतं की पाठवणाऱ्याने हे डोमेन आणि हा लोगो आपला असल्याची पडताळणी केली आहे. बस, इतकंच. मेलमधली लिंक बरी की वाईट, मागितलेले पैसे योग्य की अयोग्य, यावर अवाक्षर नाही. गूगल प्रामाणिकपणे इतकंच म्हणतं. विक्रेते त्याचा अर्थ ‘मेल सुरक्षित’ असा लावून देतात.

आणि खुणा बघून लोक शहाणे होतात, हा प्रयोग काही पहिला नाही. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी हिरव्या पट्टीत कंपनीचं नाव दिसायचं, आठवतं? त्यासाठी कंपन्या जास्त पैसे मोजून ईव्ही नावाचं महागडं प्रमाणपत्र घ्यायच्या. २०१७ साली इयन कॅरोल या सुरक्षा संशोधकाने अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ‘स्ट्राइप’ नावाची कंपनी रीतसर नोंदवली आणि त्याच नावाचं ईव्ही प्रमाणपत्र मिळवून दाखवलं. पैशांचे व्यवहार करणारी प्रसिद्ध स्ट्राइप कंपनी वेगळीच, पण नाव तेच आणि कागदपत्रं सगळी खरी. २०१९मध्ये गूगलच्या क्रोमने ती खास जागा काढून टाकली; तिच्यामुळे लोकांचं अपेक्षित रक्षण होत नाही, असं कारण दिलं. फायरफॉक्सनेही त्याच वर्षी तेच केलं. मग पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाची पाळी आली. २०२१च्या आपल्याच पाहणीत गूगलला आढळलं की कुलपाच्या चिन्हाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना कळतो. २०२३मध्ये क्रोमने कुलूपही काढलं.

गंमत पुढेच आहे. ज्या २०२३ साली याच कंपनीने एका हाताने कुलूप काढलं, त्याच वर्षी मे महिन्यात दुसऱ्या हाताने जीमेलमध्ये निळी खूण लावली. महिनाभरही धीर निघाला नाही. यूपीएस या अमेरिकी कुरिअर कंपनीच्या नावाने आलेला एक बनावट मेल, लोगो आणि निळ्या खुणेसकट, ख्रिस प्लमर या सुरक्षा अभियंत्याच्या हाती लागला. त्याने गूगलला कळवलं, तर पहिलं उत्तर आलं की यात बिघाड काही नाही, हे असंच अपेक्षित आहे. बोभाटा झाल्यावर प्रकरण पुन्हा उघडलं. एसपीएफच्या यादीतला सैलपणा वापरून मेल दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवला गेला होता. त्यानंतर गूगलने निळ्या खुणेसाठी डीकेआयएमची सही सक्तीची केली. मग फेब्रुवारी २०२४मध्ये गार्डिओ लॅब्ज या सुरक्षा कंपनीने उघड केलं की नामांकित कंपन्यांची विसरलेली, बेवारस पडलेली आठ हजारांवर डोमेन आणि उपडोमेन बळकावून रोज लाखो मेल पाठवले जात होते, आणि ते सगळ्या चाचण्या पास होत होते. भोकं बुजवली जातात, नवी पडतात. तंत्रज्ञानात हे चालायचंच. पण ज्या खुणेवर विसंबून राहा म्हणून सांगितलं तीच चोराच्या अंगावर दिसली, की माणसाने बघायचं कुठे?

आता जरा आपल्या मुलखात येऊ. इथे लोक फसतात कसे? ‘आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडली जाईल’ हा एसएमएस २०२२मध्ये महाराष्ट्रभर फिरला. महावितरणला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं की आमचे संदेश एमएसईडीसीएल या सेंडर आयडीवरूनच येतात, कुणा खासगी मोबाइल नंबरवरून नाही. द्रुतगती मार्गाने खालापूरचा टोलनाका ओलांडणाऱ्यांना ई-चलानच्या नावाने एपीके फाइल येते. ती उघडली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात. फास्टॅगच्या केवायसीची मुदत २०२४च्या सुरुवातीला जवळ आली तेव्हा त्या नावाने लिंक येऊ लागल्या. यातलं बहुतेक एसएमएस आणि व्हॉट्सॲपवरचं आहे. बिमी तिथे पोहोचतच नाही.

ईमेलवर घाव बसतो तो उद्योजकाला, आणि तो खोल बसतो. समजा, खोपोलीतल्या एका वर्कशॉपचं बिल रसायनीच्या कारखान्याकडे अडकलं आहे. मधल्या मध्ये कारखान्याला मेल जातो : आमचं बँक खातं बदललंय, पेमेंट खालील खात्यावर करावं. पाठवणाऱ्याचं डोमेन हुबेहूब. इंग्रजीतल्या ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ एकमेकांना चिकटून उभे, इतकाच फरक. या नकली डोमेनवर भामट्याने एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळं नीटनेटकं लावलेलं असतं, कारण ते फुकट आहे आणि तो आपल्या धंद्यात आळशी नाही. मेल सगळ्या परीक्षांत उत्तीर्ण होतो. वर्कशॉपने आपल्या खऱ्या डोमेनवर लाखाचा लोगो लावला होता का नव्हता, याने काडीचा फरक पडत नाही. याहून वाईट म्हणजे वर्कशॉपच्या मालकाचाच पासवर्ड चोरीला गेला, तर तोतया मेल खऱ्या खात्यातून, खऱ्या लोगोसह जाईल. तिथे उपाय एकच, आणि तो जुना आहे : हिशेबनीसाने मेलमधला नंबर न लावता वहीतला जुना नंबर फिरवून विचारायचं, ‘साहेब, खातं खरंच बदललं का?’

बिमीच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता. तिचे जाणते पुरस्कर्ते म्हणतात, लोगो हे आमिष आहे. कंपन्या डीमार्क लावायचा आळस करतात, नन वर ठेवून वर्षानुवर्षं झोपतात. लोगोच्या लोभाने का होईना, त्या रिजेक्टवर येतील. हे खोटं नाही. मार्केटिंग विभागाने हट्ट धरला म्हणून आयटी विभाग हलला, असं घडतं. पण आमिषाशिवाय भागत नाही हे मला मान्य नाही. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने ऑक्टोबर २०१७मध्ये आदेश काढला की केंद्र सरकारच्या खात्यांनी वर्षभरात आपली डोमेन रिजेक्टवर आणावीत. लोगोचं गाजर दाखवावं लागलं नाही. फेब्रुवारी २०२४पासून खुद्द गूगल आणि याहूने नियम केला की दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवायचे तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही हवेत, नाहीतर मेल पोहोचणार नाहीत. अनेक पाठवणारे त्यानंतर सरळ आले. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५मध्ये जाहीर केलं की बँकांनी ‘बँक डॉट इन’ या राखीव डोमेनवर यावं, आणि पुढे त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ची मुदत दिली. नोंदणी आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेमार्फतच, सोम्यागोम्याला ते नाव मिळत नाही. मला यात बिमीपेक्षा कितीतरी जास्त अर्थ दिसतो. पत्त्याचं शेवटचं टोक बघ, हे आजीलाही एकदा दाखवून देता येतं, आणि ते टोक भामट्याला विकत मिळत नाही. पतसंस्था बँका नसल्याने त्यांना ते दार बंद आहे. सहकार खात्याने त्यांच्यासाठी असं काही करावं, ही मागणी खरं तर विक्रेत्यांनी केली असती तर मी त्यांच्या बाजूने लिहिलं असतं.

आणि ओळख पटणं म्हणजे विश्वास ठेवणं, हे रायगडात तरी कुणी सांगू नये. पेण अर्बन बँकेची पाटी खरी होती, पासबुक खरं होतं, शिक्के खरे होते. २०१० साली रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि ठेवीदार रस्त्यावर आले. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१मध्ये रद्द झाला. त्या दिवसांत कुणी बिमी लावली असती तर दोन्ही बँकांना बिनदिक्कत निळी खूण मिळाली असती, कारण त्या त्याच होत्या, तोतया नव्हत्या.

शेवटची भीती सांगतो, आणि ती मला सगळ्यात मोठी वाटते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे खात्यातून पैसे गेले आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान त्याच्या माथी येत नाही. मात्र निष्काळजीपणा त्याचा ठरला, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. हा निष्काळजीपणा ठरवायला उद्या नवी पट्टी मिळेल : ‘निळी खूण नव्हती, तरी क्लिक केलंत?’ काल-परवापर्यंत तोतयाला अडवणं हे संस्थेचं काम होतं. खुणेचा गाजावाजा झाला की ती ओळखणं हे ग्राहकाचं काम होऊन बसतं. हे कुणी कट करून घडवेल असं नाही. तक्रारीला उत्तर लिहिणाऱ्या कारकुनाला सोयीचं वाक्य सापडेल आणि तेच रूढ होईल.

म्हणून पतसंस्थेच्या सर्वसाधारण सभेपुढे लोगो पडताळणीच्या खर्चाचा विषय आला, तर सभासदाने आधी उठून विचारावं की आपल्या डोमेनचं डीमार्क आज नन वर आहे की रिजेक्टवर, आणि संस्थेच्या नावाने मेल येऊन एखाद्याचे पैसे गेले तर भरपाई कोण देणार. तोंडी उत्तरावर बसू नये. दोन्ही उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि लोगोचा विषय त्यानंतर चर्चेला घ्यावा.